वेणुगोपाल गृहोद्योग

“देवाचं नाव पुडीवर घालू नये, भार्गवी. पुडी शेवटी कुठं जाते, ठाऊक आहे ना?”

सासूबाईंचं, गोदूबाईंचं, हे सांगणं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी भार्गवी उदबत्तीचा रिकामा पुडा कचऱ्यात टाकत नसे. देवाचं नाव असलेला कागद तुळशीच्या मुळाशी जायचा.

शनिवारी सकाळी लेकानं, श्रीवत्सनं, लॅपटॉप थेट देवघराच्या उंबऱ्याशी आणून ठेवला. पडद्यावर सरकारी कागद होता. नावाची नोंदणी झाली होती: वेणुगोपाल गृहोद्योग, बसवनगुडी, बंगळूर. खाली, मालक म्हणून, तिचं नाव. पंचवीस वर्षं मेतकूट भाजून, दळून शेजारीपाजारी वाटणारी बाई मालकीण झाली होती.

भार्गवीनं दोनदा वाचलं.

“मला कधी विचारलंस रे?”

“गुरुवारी विचारलं की. तू हात वर केलास. मी म्हटलं, आशीर्वाद दिलास.”

गुरुवारी नैवेद्य होईपर्यंत तिचं मौन असे. लेक दारात उभा राहून काहीतरी विचारत होता, आणि तिनं हात वर केला होता तो ‘थांब’ म्हणायला. नैवेद्य झाला तोवर तो ऑफिसला निघून गेला होता.

पेपरमागून भीमसेन नवऱ्याला शोभेल असंच बोलले. “झकास मौन तुझं. एक हात वर केलास नि कारखाना उभा राहिला.”

श्रीवत्स हसला. आठ दिवस तो यात गुंतला होता. पाकिटावर देवघरातल्या वेणुगोपालाच्या मूर्तीचं चित्र काढून घेतलं होतं, बासरीसकट. नमुन्याची दहा पाकिटं, घरातलं मेतकूट भरून, काल ऑफिसातल्या स्मिताला दिली होती. ती मूळची पुण्याची. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला राहते, तिनं आपल्या इमारतीत घरोघर वाटलीसुद्धा. सोमवारी हजार पाकिटं छापायला द्यायची होती.

“आवडलं ना, आई?”

भार्गवीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चौथीत पहिला नंबर आला तेव्हा हा असाच उभा होता.

“नाव चांगलं आहे,” ती म्हणाली. “नाव हेच राहू दे. पाकिटं तेवढी छापू नकोस. आपण डबे देऊ, स्टीलचे. त्यावर नाव कोरून घेऊ. रिकामा झाला की परत आणायचा, भरून द्यायचा.”

“आणि परत कोण आणणार?”

“मी.”

हे कुठल्या धंद्यात बसतं, असं त्यानं तिला बरंच समजावलं. ती ऐकत राहिली. शेवटी “सरी, बरं, तू मालक” म्हणून तो आंघोळीला गेला.

मग तिनं स्मिताला फोन लावला. काकू, पॅकेजिंग एकदम क्यूट आहे, सगळे विचारतायत, असं स्मिता भरभरून बोलत होती. कुणाचं संपलं का, भार्गवीनं विचारलं. एवढ्यात कसं संपेल?

“मग कुणी पाकीट टाकू नका हं. मी डबे घेऊन येते. त्यात काढून घ्या.”

“आत्ता? अहो काकू, इथलं ट्रॅफिक माहितीये ना तुम्हाला?”

“स्वल्प उशीर होईल. येते.”

फळीवरचे लहान डबे तिनं उतरवले. नऊ निघाले. दहावा साखरेचा होता, तो वाटीत रिकामा करून पुसून घेतला. देवापुढे हात जोडून ती हलकेच म्हणाली, “दहाच्या दहा पाकिटं घेऊन येते. एकही कुणाच्या पायाखाली येणार नाही.”

भीमसेननी पेपर खाली केला, पिशवीकडे पाहिलं, आणि कुठं, कशाला, काही न विचारता बस कुठं बदलायची तेवढं सांगितलं.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता, श्रीवत्स गुणगुणत होता. डबे वाजू नयेत म्हणून भार्गवीनं मधेमधे जुन्या लुगड्याचं फडकं खोवलं, चपला हातात घेतल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.