सहावीचा सदरा

सोलापूरच्या गणवेश कारखान्यात पद्मा गाजूल सदऱ्यांचे तुकडे कमीत कमी कापडात बसतील असे पडद्यावर मांडत होती. आता चोवीस, सव्वीस अशी ठरावीक मापं उरली नव्हती. जूनपर्यंत मूल किती वाढेल हे ओळखून यंत्र प्रत्येकाचा वेगळा सदरा आखायचं.

सहावीच्या यादीत नाव आलं, भार्गव गाजूल. तिचाच मुलगा, फेब्रुवारीत तापाने गेलेला. शाळेने नाव कमी केलं नव्हतं आणि यंत्राने त्याची उंची पावणेदोन इंच वाढवली होती.

पद्मा बाहीची लांबी पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

कटिंग मास्तर इरफानचाचा मागे येऊन उभे राहिले. "पोरी, मी काढू का?"

"नको चाचा. मीच काढते."

तिने बाह्या, कॉलर, पाठ एकेक करून पुसली. मांडणीत मोकळी जागा पडली, पण क्षणभरच. शेजारच्या मुलांचे तुकडे सरकले, वळले आणि ती भरून गेली. भार्गवचा सदरा कुठे होता, हे तिलाही सांगता येईना.

"चाचा, परत आणा तो," ती घाबरून म्हणाली. "एवढा एकदा शिवू द्या मला."

इरफानचाचांनी तुकडे परत बसवले आणि कापड कापायला घेतलं.