कोरी चौकट

बाबांचा लॅपटॉप परत न्यायला त्यांच्या ऑफिसातला माणूस दारात उभा होता. ब्राउझरमध्ये आमचा बोलिंगचा डाव तसाच अर्धवट उघडा होता. बाबांनी पहिल्याच चेंडूत दहाही पिना लोळवल्या होत्या, तरी त्यांची चौकट कोरी होती. "सगळ्या पाडल्या, मग माझे दहा कुठायत? लबाड आहे तुझा गेम!" ते दर वेळी कुरकुरायचे. "अहो बाबा, पुढचे दोन चेंडू टाका, मगच गुण मांडतात," मी दर वेळी समजावायचे. त्या दिवशी "जेवून येतो, मग टाकतो," म्हणाले आणि भरल्या ताटावरच गेले. पाळी त्यांचीच होती. नेम न धरता मी त्यांचे दोन चेंडू सोडले. दोन्ही कडेच्या खाचेत गेले. चौकटीत दहा उमटले. तेवढेच तर ते मागत होते. "झालं का, ताई?" माणसाने विचारलं. "चार्जर आणते," मी म्हटलं.