धूळपाटीच्या पलीकडे
औरंगाबादेहून शिक्षकाची तालीम घेऊन परतलेल्या मास्तरांनी नेकनूरच्या ईश्वरप्पांच्या मुलापुढे नवं छापील पुस्तक ठेवलं. सगळं तोंडपाठ म्हणणारा मुलगा पहिल्याच ओळीला अडखळला. समोर वाती वळत बसलेल्या त्याच्या बहिणीनं, नीलानं ती ओळ घडाघडा वाचली. मास्तरांनी पुस्तक तिच्या हाती दिलं. तिनं ते उलटं धरलं आणि पुढची ओळ वाचली. "उलट्या खोपडीची हाय!" ईश्वरप्पा हसले. मास्तर हसले नाहीत. भाऊ धूळपाटीवर गिरवायचा तेव्हा ही कायम पलीकडे असायची. तिनं अक्षरं उलटीच पाहिली होती. "हिला उद्यापासून माझ्या शेजारी बसवा." "उद्या तिला सासरी न्यायला येनार हायत, मास्तर." मास्तरांनी धूळपाटी ओढली, तिच्या शेजारी बसून बोटानं तिचं नाव सुलटं लिहिलं. "हे नाव वाच, माय." नीला धुळीवर वाकली. "कुनाचं नाव हाय हे, मास्तर?"