लेन्समागची जाळी

दोन वर्षं घरी बसून काढल्यावर कॅमेरामनच्या हाताला कसंबसं हे एक काम लागलं होतं. नायिका खिडकीला पाठ करून बसलेली, मागून ऊन, आणि तिच्या केसांभोवती मऊ, दुधाळ उजेड हवा, एवढीच दिग्दर्शकाची मागणी. त्यासाठी लेन्सच्या मागे पायमोज्याची पातळ जाळी ताणून बसवायची, हा तर त्याच्या हातचा मळ.

त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. "घ्या, काय सुंदर उजेड आलाय!"

"कुठे?" दिग्दर्शक मॉनिटरसमोरून ओरडला. "सगळं कोरडंठाक दिसतंय. तिसऱ्यांदा सांगतोय. जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला बोलावतो."

"अहो, मला चांगला दिसतोय हो!" तो अगदी काकुळतीला आला.

त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या लेकीने लेन्स काढून पाहिली आणि तिला हसूच फुटलं. "बाबा, जाळी लावायचीच विसरलात की!"

सगळे हसले. सुटलो बुवा, म्हणून तोही हसला. मग हसता हसता थबकला. त्याने घाईघाईने डोळे चोळले आणि लेकीकडे पाहिलं.

खिडकीपुढे उभ्या असलेल्या लेकीच्या केसांभोवतीही तोच मऊ, दुधाळ उजेड होता.