घराण्याची गायकी

पिल्लाने चोच उघडली आणि गाण्याऐवजी 'कीं-चुईं, कीं-चुईं' असा कर्कश आवाज काढला. शाल्मलीने कपाळावर हात मारून घेतला. पीएचडीची चार वर्षं, आणि हे गाणं!

पिल्लाला बापापासून लांब ठेवून तिने रोज स्पीकरवर एका फर्मास गाणाऱ्या नराचं गाणं ऐकवलं होतं. गाणं शिकताना मेंदूतल्या कुठल्या पेशी कामाला लागतात, ते तिला पाहायचं होतं. त्यासाठी त्याच्या मेंदूत केसाएवढी बारीक तारही बसवली होती; पेशी जाग्या झाल्या की संगणकाच्या पडद्यावर रेघ हलायची. पण स्पीकर लावला की ती रेघ ढिम्म हलत नसे.

"कार्टं वाया गेलं," तिचे गाइड असलेले सर म्हणाले. "दुसरं घे."

तेवढ्यात दाण्यांची ट्रॉली ढकलत प्रयोगशाळेतले शिपाई बनसोडेमामा आले. गंजलेलं चाक केकाटलं, कीं-चुईं, कीं-चुईं. पिल्लू ताठ बसलं. पडद्यावरची रेघ अंगात आल्यासारखी नाचायला लागली. सरांनी आ वासला.

कार्टं शिकलं होतं, अगदी मन लावून. फक्त गुरू त्याने स्वतः निवडला होता, दाणे घेऊन येणारा.

"मॅडम, मंजूर झालं एकदाचं!" मामांनी खिशातून तेलाची बाटली काढली. या चाकाला तेल मिळावं म्हणून शाल्मलीनेच दोन वर्षं ऑफिसात अर्ज खरडले होते. मामा वाकले, तशी ती धावत जाऊन ट्रॉलीला आडवी झाली.

"खबरदार मामा, गुरुजींना हात लावाल तर!"