ताराक्कांचा विळा

शालूबाईंनी नातीच्या हातातली चिठ्ठी हिसकावली आणि फाडून चुलीत घातली.

“आज्जी, अगं अवजार कुणाचं ते लिवावंच लागतं.”

शिवांजली कराडला शेतीच्या कॉलेजात शिकत होती. तिथल्या संग्रहालयासाठी तिनं माळ्यावरची जुनी लोखंडं अंगणात मांडली होती. नांगराचा फाळ, कुळवाची फास, पहार आणि एक विळा.

“फाळाला पणज्याचं नाव लाव. पहारीला तुझ्या आज्याचं लाव. त्या इळ्याला न्हाई.”

“पणजीचाच हाय की पण त्यो.”

“म्हणूनच.”

शालूबाई डावऱ्या. सतराव्या वर्षी या घरात आल्या आणि पहिल्याच दिवशी डाव्या हातानं भाकरी थापायला घेतली. सासूनं, ताराक्कांनी, त्याच विळ्याची पाठ बोटांवर हाणली. “लोकांनी बघितलं तर नांदू द्यायची न्हाईत,” एवढंच बोलल्या. मग सहा महिने तो हात चिंधीनं कमरेला बांधून कामं करून घेतली. उजवा हात शिकला. पण शालूबाई संतापल्या की अजून डावाच पुढं यायचा. आत्ता चिठ्ठीवर तोच आला होता.

“आन सोवळं केवढं त्या इळ्याचं,” त्या थांबायला तयार नव्हत्या. “कुणी हात लावायचा न्हाई. सासूबाई गवताला एकट्याच जायच्या, दिस उगवायच्या आत. बांधावर कुणी आलं की कापायच्या थांबल्याच. चारचौघींत तण भांगलायला बसल्या की त्यांच्याच वाट्याची पात सगळ्यांच्या मागं ऱ्हायची. आन ही बाई मला हात कसा चालवायचा ते शिकवनार.”

तेवढ्यात शिवांजलीचे इंद्रजित सर गाडीवरून आले. फाळ उचलून बघितला, फास बघितली, खूश झाले. विळा घेऊन ते गोठ्यामागच्या हत्तीगवताशी गेले. उजव्या हातानं एक घाव घातला. विळा घसरला. दुसरा घातला, तोही घसरला.

“लोहार चुकलाय,” सर म्हणाले. “धार उलट्या अंगाला काढलीय. आणि मुठीला हा कसला खळगा पडलाय? हातात बसतच नाही. हा राहू दे.”

पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी आपल्या बाजूनं बोललं, असं शालूबाईंना वाटलं.

“त्या बाईगतच हाय त्यो. कामाला न्हाई, आन मान मातूर मोठा.”

सर बाकीची लोखंडं घेऊन गेले. शिवांजली खट्टू होऊन म्हणाली, “ठेव की गं आज्जी घरातच. आठवण म्हणून.”

“आठवण?” शालूबाईंचं डोकं पुन्हा तापलं. “माझी बोटं बघ की. ह्याच्यापरास मोठी आठवण कुठली पायजे?”

फाटकाशी भंगारवाल्यासाठी भरून ठेवलेलं पोतं होतं. त्यांनी विळा खस्सकन उचलला आणि त्यात भिरकावायला हात वर नेला.

हात वरच थांबला.

मग त्या गोठ्यामागं गेल्या. वाकल्या. गवताची मूठ धरून विळा ओढला. सर्रकन पार झाला. दुसरी मूठ. तिसरी.

“आज्जी, कापतोय की,” शिवांजली म्हणाली.

शालूबाईंनी हात डोळ्यांजवळ आणला. ताराक्कांच्या अंगठ्यानं मुठीवर पाडलेल्या खळग्यात त्यांचा डावा अंगठा मापात बसला होता.