तांब्याभर पाणी

सिकंदराबादेत आमच्या चर्चची घंटा वाजवायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं आणि दर रविवारी ह्यांना उठवायचं माझ्याकडे. तोंडावर तांब्याभर पाणी पडल्याशिवाय ह्यांचे डोळे उघडत नसत. पाळकसाहेब आळसाच्या पापावर उपदेश करायचे, हे मागच्या बाकावर घोरायचे. अठ्ठेचाळीस साली, भारताच्या फौजा यायच्या आदल्या आठवड्यात, रझाकार बंदूकवाल्यांनी घंटेचा दोर कापून नेला: “पुन्हा वाजली तर याद राखा!” पाळकसाहेब म्हणाले, “रविवारी घरीच राहा.” मी ह्यांना म्हटलं, “आता खुशाल झोपा.” रविवारी पहाटे अंथरूण रिकामं, तांब्या गायब. मी चर्चकडे धावले, हे घंटेखाली शिडीवर. “अहो, उतरा!” “माझ्या आळसानं झोपलो, प्रभू माफ करेल. त्यांच्या हुकमानं झोपायचं नक्को!” आणि ह्यांनी तांब्या घंटेवर दणादण हाणला. वस्ती जमली. पाळकसाहेब सगळ्यात शेवटी आले, डोळे चोळत. तांब्या वर ह्यांच्या हातात होता, म्हणून माझ्या पाण्यापासून वाचले.